वारं कापायला किती पैसे लागतात?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला माझा रूममेट मोबाइल घेऊन माझ्या बेडवर येऊन बसला. स्क्रीनवर एक काळीकुट्ट सायकल. फ्रेमच्या नळ्या चपट्या, चाकांच्या रिम बोटभर खोल, आणि केबल तर शोधूनही सापडत नाही. किंमत साडेतीन लाख. "तू पत्रकार होणार ना? मग नीट शोधून सांग लगा. घेऊ का नको?"

हा गडी सांगली जिल्ह्यातला. विद्यापीठाच्या संघात यायचं म्हणून दोन वर्षं रोज पहाटे साडेचारला उठतो. त्याच्याकडे साधी ॲल्युमिनियमची रोड बाइक आहे, सेकंडहँड. गावाकडून आण्णांचा फोन आला होता. उसाची पहिली उचल आली की तुझी सायकल घेऊन टाकू, म्हणाले.

तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असाल तर हे गणित तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. टनाला तीन हजारांच्या आसपास उचल धरली तर साडेतीन लाख म्हणजे शंभर टनांहून जास्त ऊस. एकरी चाळीस टन निघाला तरी तीन एकरांचा. त्यातून खतं, मशागत, सोसायटीचं कर्ज हे सगळं अजून जायचंय. म्हणजे प्रश्न सायकलचा राहिलाच नाही. तीन एकर ऊस एका फ्रेममध्ये घालावा का, हा प्रश्न आहे.

म्हणून मी खरंच नीट शोधलं. आज तुमच्यापुढे मांडतोय, कारण कॉलेजच्या कट्ट्यावर, सायकल ग्रुपवर हाच प्रश्न आता सगळीकडे ऐकू येतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, परदेशी रायडर आपल्या रस्त्यांवरून सुसाट गेले आणि त्यांच्या सायकली बघून अनेकांचे डोळे विस्फारले. माझेही.

खरा शत्रू वारा

एरो बाइक म्हणजे वारा कमी अडवणारी रोड रेसिंग सायकल. सपाट रस्त्यावर वेग वाढला की तुमची लढाई रस्त्याशी कमी आणि हवेशी जास्त होते. ढोबळ गणित बघा. सायकल आणि रायडर मिळून ८० किलो, ताशी २५ किलोमीटर वेग. नुसत्या हवेला बाजूला सारायला साधारण ६५ वॅट लागतात. तोच वेग ४० वर नेला, तर २६०. वेग दीडपटीहून थोडा जास्त, ताकद थेट चौपट. कारण हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बारावीच्या फिजिक्सचा सूड म्हणा हवं तर.

म्हणून या सायकलच्या नळ्या गोल नसतात. त्यांचा आकार पाण्याच्या थेंबासारखा लांबट, पण मागचं टोक कापून टाकलेलं. याला कॅम टेल म्हणतात. वुनिबाल्ड कॅम या जर्मन इंजिनीअरने १९३०च्या दशकात मोटारींसाठी हा विचार मांडला होता. शेपूट कापली तरी हवा बरीचशी ती असल्यासारखीच वाहते, आणि वजन वाचतं. त्यात केबल फ्रेमच्या पोटात, हँडल आणि स्टेम एकसंध, रिम ५०-६० मिलिमीटर खोल. सगळा खटाटोप हवेला कुठे अडायला जागा मिळू नये म्हणून.

हे सगळं नुसतं मार्केटिंग आहे का? नाही. इथे मला प्रामाणिक राहायला हवं. १९८९ ची टूर द फ्रान्स आठवा, म्हणजे गूगलवर बघा, आपण कोणीच तेव्हा जन्मलो नव्हतो. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लॉरां फिन्योंपेक्षा ५० सेकंदांनी मागे. लेमाँडने ट्रायॲथलॉनवाले वापरायचे तसे पुढे लांब आलेले हँडलबार लावले, डोक्यावर थेंबाच्या आकाराचं हेल्मेट घातलं. फिन्यों मात्र बिनहेल्मेटचा, मागे पोनीटेल उडतेय. तीन आठवड्यांची शर्यत लेमाँडने अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली. टूरच्या इतिहासातला हा सगळ्यात कमी फरक.

पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग दुकानात कोणी सांगत नाही. फिन्योंच्या सायकलला पुढे-मागे दोन्ही भरीव डिस्कची चाकं होती. म्हणजे वाऱ्याचा विचार त्यानेही केला होता, पण सायकलपुरता. लेमाँडने तो स्वतःच्या शरीराचा केला.

कारण हवेचा विरोध होतो त्यात साधारण तीन-चतुर्थांश वाटा रायडरचा असतो. सायकलचा वाटा उरलेल्या पावात. तुम्ही साडेतीन लाख मोजता ते त्या पावातला एक तुकडा कमी करायला.

ग्रेअम ओब्रीचं नाव ऐकलंय? स्कॉटलंडचा हा माणूस जवळपास कफल्लक होता. सायकल त्याने स्वतः बनवली, त्यात वॉशिंग मशीनमधले बेअरिंग वापरले. हात छातीखाली दुमडून बसायची एक विचित्र पोझिशन शोधून काढली आणि जुलै १९९३ मध्ये तासाभरात ५१.५९६ किलोमीटर कापून विश्वविक्रम केला. आठवडाही उलटला नाही तोच ख्रिस बोर्डमनने तो मोडला, ते वेगळं. पुढच्या वर्षी जागतिक महासंघाने ओब्रीच्या त्या पोझिशनवर बंदी घातली. जिची बंदी घालावी लागली ती गोष्ट बसण्याची पद्धत होती, महागडी फ्रेम नव्हे. मला तरी यात बरंच काही दिसतं.

आम्ही चालवून बघितली

नुसतं वाचून लिहिणं बरं नाही म्हणून आम्ही ग्रुपमधल्या एका दादांकडे शब्द टाकला. त्यांनी मोठ्या मनाने त्यांची एरो बाइक एका रविवारी दिली. साइज रूममेटची आणि त्यांची सारखी होती, हे नशीब. पहाटे खडकवासल्याच्या पुढे पानशेत रोडला निघालो. कधी तो त्यावर, कधी मी. मला ती थोडी मोठी होत होती, पण मोह आवरला नाही.

आधी चांगलं सांगतो. सपाटीवर ती सायकल वेग धरून ठेवते. ३२-३३ च्या पुढे गेल्यावर साध्या सायकलवर जी भिंत लागल्यासारखी वाटते, ती जरा उशिरा लागते. पॅडल दाबलं की फ्रेम वाकत नाही, सगळा जोर चाकात जातो. उतारावर तर जाम भारी. खोल रिमचा तो 'घुंऽऽ' आवाज ऐकला की आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं. हा आवाज किमतीत धरलेला असावा, असा मला दाट संशय आहे.

रूममेट पहिल्या वीस मिनिटांनी थांबला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. "उडती लगा ही!" एवढंच म्हणाला. मी मनात म्हटलं, गेला तीन एकर ऊस.

मग रस्ता खराब झाला. उभ्या चपट्या नळ्या हवेला चांगल्या, पण त्या फारशा लवचीक नसतात. प्रत्येक खड्डा मनगटात आणि पाठीत जमा होतो. हल्लीच्या एरो बाइकमध्ये रुंद टायर बसतात त्यामुळे त्रास पूर्वीपेक्षा कमी आहे हे खरं. दादांच्या सायकलला मात्र जुने अरुंद टायर होते आणि आपले स्पीडब्रेकर कुठे असतात हे पालिकेलाही ठाऊक नसतं.

त्यात आडवा वारा. धरणाच्या बाजूने झोत आला की खोल रिमचं पुढचं चाक शिडासारखं वागतं. हँडल हिसका देतं. माझं वजन ५८ किलो, दोनदा पोटात गोळा आला. हायवेवर ट्रक शेजारून जातो तेव्हा काय होत असेल याचा विचार करा. हलक्या वजनाच्या मुलामुलींनी हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये.

आणि शेवटी पंक्चर. आमच्याकडे ट्यूब होती, पंप होता. पण आमच्या ट्यूबचा व्हॉल्व आखूड, रिम खोल. व्हॉल्वचं तोंड रिमच्या बाहेरच येईना! हवा भरणार कशी? लांब व्हॉल्वची ट्यूब नाहीतर जोडायचा एक्स्टेंडर लागतो, हे ज्ञान आम्हाला रस्त्याच्या कडेला झालं. जवळच्या पंक्चरवाल्या काकांनी चाक फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "पोरांनो, एवढ्या पैशात गाडी आली असती की." शेवटी भाजीच्या रिकाम्या टेम्पोतून परत. लाखांची सायकल क्रेटवर आडवी, आणि आमचे चेहरे बघण्यासारखे.

बिलाच्या खालच्या ओळी

पंक्चर हा विनोद झाला. देखभाल हा विनोद नाही. केबल आणि ब्रेकच्या ऑइलची नळी हँडलमधून, हेडसेटच्या बेअरिंगमधून आत जाते. पावसाळ्यात पाणी, चिखल जाऊन ते बेअरिंग खराब झालं की बदलायला बऱ्याच मॉडेलमध्ये नळी सोडवावी लागते, ब्रेक पुन्हा ब्लीड करावे लागतात. साध्या सायकलवर अर्ध्या तासाचं काम इथे अर्धा दिवस खातं. स्टेम दोन सेंटिमीटर आखूड हवा असं लक्षात आलं, तर साध्या सायकलला काही शे किंवा एक-दोन हजारांत प्रश्न सुटतो. एकसंध हँडल असेल तर पूर्ण हँडलच बदलायचं. सीटपोस्टही त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा. तालुक्याच्या गावी हे कुठे मिळणार? रेल्वेने किंवा एसटीने शर्यतीला जाताना सायकल खोलून बॉक्समध्ये घालणं हीसुद्धा परीक्षाच.

नाजूक भाग किती महत्त्वाचा असतो याचं एक जाहीर उदाहरण आहे. मार्च २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ले सामिन शर्यतीत मॅथ्यू व्हान डर पूल याच्या कॅनियन एरोडचं हँडल चालू शर्यतीत तुटलं. तो पडला नाही, हे त्याचं कौशल्य. कंपनीने मग त्या सायकलच्या मालकांना चालवणं थांबवा असं कळवलं. नंतर दुरुस्तीही झाली. व्हान डर पूलला मागच्या गाडीतून दुसरी सायकल मिळते. तुम्हाला-मला काय मिळणार?

आता घाट. एरो बाइक घाटात जड पडते असं सगळे म्हणतात. खरं तर अर्धा किलो जास्त वजनाने अर्ध्या तासाच्या चढाला दहा-बारा सेकंदांचा फरक पडतो. म्हणजे फार नाही. पण फायदाही तिथे नाहीच. आठ टक्के चढावर ताशी १० किलोमीटरने जाताना साधारण १९० वॅट लागतात, त्यातले हवेसाठी जेमतेम चार. बाकी सगळं गुरुत्वाकर्षणाच्या खात्यात. सिंहगड चढताना तुमच्या चपट्या नळ्यांना वारा ओळखही देत नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट जिंकणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्या मुकुटासाठी फ्रेमपेक्षा फुप्फुसं लागतात.

मग फायदा कोणाला?

इथे मला स्वतःला धक्का देणारी गोष्ट सापडली. मी आधी ठरवून बसलो होतो की ही सायकल फक्त वेगवान लोकांना उपयोगी, आपल्यासारख्यांना शून्य. पण गणित तसं म्हणत नाही. समजा, चांगल्या फ्रेम आणि चाकांमुळे ४० च्या वेगाला १५ वॅट वाचले. २५ च्या वेगाला तेच वाचणं चार वॅटवर येतं. पण वेळेत बघितलं, तर ४० किलोमीटर अंतरात वेगवान रायडरचा एक मिनिट वाचतो आणि संथ रायडरचा दीड मिनिट. कारण तो रस्त्यावर जास्त वेळ असतो!

म्हणजे फायदा सगळ्यांना. प्रश्न हा की त्या मिनिटाचं तुम्ही काय करणार? टाइम ट्रायलमध्ये एका मिनिटाने पहिला आणि विसावा ठरतो. रविवारच्या राइडमध्ये दीड मिनिटाने मिसळ लवकर मिळते. बस्स.

शर्यतीतही सगळीकडे तो फायदा मिळतोच असं नाही. आपल्याकडच्या बहुतेक रोड रेस घोळक्याने होतात. २०१८ मध्ये बर्ट ब्लॉकेन आणि सहकाऱ्यांनी १२१ रायडरच्या घोळक्याचा अभ्यास केला. मध्यभागी, मागच्या बाजूला असलेल्या रायडरला एकट्याच्या तुलनेत अवघा ५ ते १० टक्के हवेचा विरोध होतो असं त्यात दिसलं. म्हणजे घोळक्यात नीट लपायची अक्कल ही कुठल्याही फ्रेमपेक्षा मोठी एरो अपग्रेड आहे. आणि ती फुकट आहे. एरो बाइक कामाला येते ती एकट्याने पळ काढताना, शेवटच्या स्प्रिंटमध्ये, टाइम ट्रायलमध्ये. पुण्याहून गोव्याला जाणाऱ्या ६४३ किलोमीटरच्या डेक्कन क्लिफहँगरसारख्या लांब शर्यतीतही हवा वाचवणं महत्त्वाचं, पण तिथे पाठ आणि मान टिकणं त्याहून महत्त्वाचं.

आणखी एक. खुद्द कंपन्याच आता निव्वळ एरो बाइकपासून मागे सरकताहेत. जागतिक महासंघाच्या नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. आता एरो आकाराच्या फ्रेमही त्या वजनाच्या जवळ जायला लागल्या. मग दोन वेगळ्या सायकली कशाला? स्पेशलाइज्डने २०२० मध्ये टारमॅकचं नवं मॉडेल आणलं आणि आपली एरो बाइक वेंज बंद केली. ट्रेकने २०२४ मध्ये एमोंडा ही हलकी सायकल माडोनमध्येच विलीन केली. आज जी सायकल बघून आपला जीव जातोय, तिचा प्रकारच बदलतोय.

आमचं मत

एरो बाइक ही फसवणूक नाही. ती जे सांगते ते करते. पण ती यादीतली शेवटची गोष्ट आहे आणि आपण तिला पहिली समजतो, गडबड तिथे आहे.

आधी अंगाला घट्ट बसणारी जर्सी घ्या. फडफडणारा टी-शर्ट तुमचे वॅट खातो. मग नीट बाइक फिट करून घ्या, आणि कोपर वाकवून पाठ खाली ठेवून तासभर बसायचा सराव करा. त्यासाठी पोटाचे, पाठीचे व्यायाम. मग चांगले टायर, योग्य हवा. मग हेल्मेट. हे सगळं साडेतीन लाखांच्या छोट्या हिश्शात होतं आणि हवेतला तो तीन-चतुर्थांश वाटा यातूनच कमी होतो. त्यानंतरही तुम्ही सेकंदांनी हरत असाल, तर चाकं बदला. त्यानंतरही हरत असाल, तर मग खुशाल फ्रेम बदला. तेव्हा तो हट्ट नसेल, गरज असेल.

दुसरं मत विद्यापीठांच्या क्रीडा विभागांसाठी. नेमबाजीची रायफल, रोइंगची बोट प्रत्येक मुलाने घरून आणावी असं आपण म्हणत नाही. मग सायकल त्याच्या बापाच्या उसावर का सोडायची? चार-सहा चांगल्या सायकली, दोन-तीन जोड्या रेसिंग चाकं विद्यापीठाने घ्यावीत आणि निवड झालेल्यांना शर्यतीपुरती द्यावीत. निवड पायांवरून व्हावी, पावतीवरून नाही.

तिसरं आपल्यासाठी, म्हणजे ग्रुपवाल्यांसाठी. "अजून त्याच सायकलवर?" हे वाक्य आपण सहज बोलतो. माझा रूममेट एका ग्रुपच्या राइडला जायचा बंद झाला तो याच वाक्यामुळे. त्याने मला हे परवा सांगितलं, दोन वर्षांनी. आण्णांचा फोन हा त्या वाक्याचाच परिणाम होता. वारा माणसाला मागे ओढतो ते ठीक आहे, तो त्याचा धर्म आहे. आपण कशाला ओढायचं?

परवा रात्री रूममेटने गावी फोन लावला. स्पीकरवर होता. "आण्णा, सायकल नको आत्ता. फिटिंगला आणि टायरला लागतील थोडं, ते द्या. संघात आलो की बघू."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आण्णा म्हणाले, "नक्की ना? नंतर म्हणशील, बापानं दिली नाही."

"नक्की."

"मग ठीक हाय. झोप आता. पहाटं उठायचंय न्हवं?"

निवड चाचणीला अजून वेळ आहे. तो येईल की नाही, ते मला माहीत नाही. काल पहाटे साडेचारला त्याच्या अलार्मने माझी झोपमोड झाली, एवढं मात्र खरं. खिडकीतून बघितलं तर साहेब त्याच जुन्या सायकलवर, कोपर वाकवून, पाठ खाली घालून, होस्टेलच्या गेटबाहेर पडत होते.